जुन्या आयर्लंडच्या खेड्यातले रोजचे जेवण आणि विरंगुळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे 'पूर्वी' म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1940च्या दशकापर्यंतचा, म्हणजे खेड्यांत वीज येईपर्यंतचा काळ धरला आहे. या काळाच्या मधोमध 1845 ते 1852चा महादुष्काळ येतो आणि त्याच्या अलीकडचे व पलीकडचे ताट एकसारखे नाही, म्हणून एखादी गोष्ट दुष्काळाआधीची की नंतरची, हे जमेल तेथे स्पष्ट केले आहे.

आयरिश शेतकरी खरोखरच तिन्ही त्रिकाळ बटाटेच खात असत का?

कोणता शेतकरी, यावर उत्तर अवलंबून आहे. 1840च्या सुमारास देशाची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या वर होती आणि त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोक, म्हणजे भूमिहीन मजूर, खंडाने तुकडाभर जमीन कसणारे आणि पश्चिम किनाऱ्यावरचे अल्पभूधारक, हे जवळपास पूर्णपणे बटाट्यावर जगत होते. कष्टाचे काम करणारा पुरुष दिवसाला पाच ते सहा किलो बटाटे खात असे. हा आकडा आपल्याला अतिशयोक्त वाटतो, पण त्या बटाट्यांबरोबर भाकरी नव्हती, भात नव्हता, डाळही नव्हती, हे लक्षात घेतले की तो पटतो. बेताची किंवा बरी जमीन असलेल्या घरांत मात्र ओटची लापशी, ओटच्या कडक भाकऱ्या, दूध, लोणी आणि अधूनमधून खारवलेले डुकराचे मांस असे. उत्तरेकडे अल्स्टरमध्ये ओटचे प्रमाण अधिक होते. सगळ्या देशाला एकाच टोपलीतून जेवायला बसवणे बरोबर होणार नाही.

नुसत्या बटाट्यांवर माणसे धडधाकट राहत असत, हे कसे?

नुसत्या बटाट्यांवर राहत नसत, बटाटे आणि ताक किंवा दूध यांवर राहत असत, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. बटाट्यातून पिष्ट पदार्थ आणि 'क' जीवनसत्त्व मिळे, दूध-ताकातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळे. 'क' जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा स्कर्व्ही हा रोग दुष्काळापूर्वी आयर्लंडमध्ये क्वचितच दिसे, तो मोठ्या प्रमाणावर दिसू लागला तो बटाटा कुजल्यानंतर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती झालेल्या शिपायांच्या उंचीच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा आयरिश शिपाई सरासरीने इंग्रज शिपायांपेक्षा किंचित उंच निघाले. हिंदुस्थानात चाकरीसाठी आलेल्या त्या गोऱ्या पलटणींतले कित्येक तरुण बटाटे आणि ताक यांवर वाढलेले होते.

म्हणून 'बिचारे, बटाटे खाऊन जगत' असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या स्वयंपाकात उणेपणा नव्हता. उणेपणा होता तो जमिनीच्या हक्कात. पिकवलेला ओट, घुसळलेले लोणी आणि पोसलेले डुक्कर हे सारे बाजारात जाऊन जमीनदाराच्या खंडात जमा होई, आणि घरासाठी उरे ते एकरभर वाफ्यांतले पीक. ते एकच पीक गेले की खाली आधाराला दुसरे काही नव्हते.

बटाटा येण्यापूर्वी लोक काय खात?

बटाटा आयर्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला आणि गरिबांच्या ताटाचा धनी व्हायला त्याला दीडशे-दोनशे वर्षे लागली. त्याआधीचा आहार गुरांभोवती फिरत होता. उन्हाळ्यात दूध, दही, ताक, लोणी आणि नाना प्रकारचे चीज खाल्ले जाई, आणि हे सारे पदार्थ 'पांढरे अन्न' म्हणून ओळखले जात. हिवाळ्यात ओट आणि जव यांवर भर असे. मे महिन्यात घरातली तरुण मंडळी गुरे घेऊन डोंगरावरच्या कुरणांत जात, तेथे दगड-मातीच्या झोपड्यांत राहून दूध काढत, लोणी करत आणि शरदाच्या तोंडाशी खाली परतत. जास्तीचे लोणी लाकडी पात्रात भरून दलदलीत पुरून ठेवण्याची रीत होती. दलदलीतली इंधनाची माती, म्हणजे टर्फ, कापताना असे शेकडो वर्षांपूर्वीचे लोणी आजही अधूनमधून सापडते. दलदलीत हवा पोहोचत नाही आणि आम्लता असते, म्हणून ते टिकते.

रोजचे जेवण प्रत्यक्षात कसे होत असे?

चुलीत टर्फ जळत असे. टर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून उन्हा-वाऱ्यावर वाळवलेली इंधनाची माती. तीन पायांच्या लोखंडी हंड्यात बटाटे सालासकट उकडले जात. शिजले की हंडा दाराबाहेर नेऊन वाळुंजाच्या फांद्यांनी विणलेल्या पसरट टोपलीत रिकामा करत, पाणी निथळून जाई आणि तीच टोपली पुन्हा हंड्याच्या तोंडावर ठेवली की जेवणाचे मेज तयार होई. घरातली माणसे भोवती स्टुलांवर बसत. टोपलीच्या मधोमध मिठाचे पाणी किंवा ताकाचे लाकडी भांडे असे. बटाटा हातात घेऊन अंगठ्याच्या नखाने साल सोलायची, बटाटा ताकात किंवा मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि खायचा. त्यासाठी अंगठ्याचे नख मुद्दाम वाढवणारे लोक होते. साली आणि उरलेले बटाटे डुकराला जात.

मजूर माणसांना बटाटा पुरता शिजलेला नको असे. मध्यभागी कच्चट गाभा राहिला पाहिजे, त्याला ते बटाट्याचे 'हाड' म्हणत. असा बटाटा हळूहळू पचतो, म्हणून पुढच्या जेवणापर्यंत भूक लागत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

वर्षभर बटाटे पुरत असत का?

पुरत नसत. जुना साठा मे-जूनमध्ये संपे किंवा कोंब फुटून निकामी होई, आणि नवे पीक ऑगस्टच्या सुमारास हाती येई. मधले आठवडे उपाशीपणाचे असत. जुलैला लोक 'कोबीचा जुलै' म्हणत, कारण हिरवा पाला आणि उधारीवर आणलेले ओटचे पीठ एवढ्यावर तो निभवावा लागे. कित्येक घरांतली बायका-मुले या दिवसांत लांबच्या परगण्यांत भीक मागायला जात आणि पुरुष कापणीच्या मजुरीसाठी इंग्लंड-स्कॉटलंडला जात. जुलैचा शेवटचा रविवार हा नवे बटाटे पहिल्यांदा उकरण्याचा दिवस मानला जाई. त्याआधी शेताला हात लावणे हे घरधन्याच्या नाकर्तेपणाचे लक्षण समजले जाई. त्याच रविवारी मेयो परगण्यातील क्रोक पॅट्रिक या डोंगरावर यात्रेकरू चढतात, आणि ही यात्रा अजून चालू आहे.

महादुष्काळानंतर ताट कसे बदलले?

1845च्या शरदात करपा रोगाने उभे पीक कुजवले. गरिबांनी लावलेली मुख्य जात 'लम्पर' होती, ती हलक्या जमिनीतही भरघोस येई, पण या रोगापुढे ती टिकली नाही. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने गेली, आणखी दहा लाख देश सोडून गेली. ब्रिटिश पंतप्रधान पील यांच्या सरकारने अमेरिकेतून मक्याचे पीठ मागवले. ते कसे दळायचे आणि किती शिजवायचे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे आरंभी त्याने लोकांची पोटे बिघडली. पुढे मात्र मक्याची पिवळी लापशी गरिबांच्या घरात दोन-तीन पिढ्या टिकून राहिली.

शतकाच्या उत्तरार्धात गावातले दुकान स्वयंपाकघरात शिरले. चहा, साखर, विकतचे पांढरे पीठ, पाव आणि स्वस्त अमेरिकन खारे मांस ही त्या बदलाची चिन्हे होत. चहा तर इतका रुजला की तो काळाकुट्ट होईपर्यंत निखाऱ्याशेजारी ठेवलेल्या किटलीत मुरत असे. अंडी आणि कोंबड्या यांचा पैसा घरातल्या बाईचा असे आणि चहा-साखर बहुधा त्याच पैशातून येई.

सोडा ब्रेड हा प्राचीन आयरिश पदार्थ आहे का?

नाही. खाण्याचा सोडा आयर्लंडमध्ये 1830-40च्या सुमारास मिळू लागला, त्यामुळे हा ब्रेड दोनशे वर्षांहून जुना असूच शकत नाही. पण तो तेथे इतक्या सहज का रुजला, हे पाहण्यासारखे आहे. आयर्लंडच्या ओल्या हवेत पिकणारा गहू मऊ, कमी चिकट असतो आणि यीस्टने फुगवण्याच्या पावासाठी तो फारसा उपयोगी पडत नाही. सोड्याच्या ब्रेडला मात्र हाच गहू लागतो. सोड्याला चेतवणारे आंबट ताक तर घरोघरी होतेच.

करण्याची रीत अशी : पीठ, मीठ आणि सोडा एकत्र करून मध्ये आळे करायचे, ताक ओतून हाताने हलकेच गोळा करायचा आणि तो मळत बसायचे नाही, कारण मळले की ब्रेड चिवट होतो. गोळ्यावर सुरीने फुलीचा खोल छेद द्यायचा. मग तो 'बॅस्टिबल' नावाच्या सपाट बुडाच्या जाड लोखंडी भांड्यात ठेवून ते चुलीवर टांगायचे आणि झाकणावर जळते निखारे रचायचे, म्हणजे खालून आणि वरून सारखी आच लागते. झाकण किती वेळा उचलायचे आणि निखारे कधी बदलायचे हे ज्या बाईला कळे, तिचा ब्रेड गावात नावाजला जाई. भाजलेला ब्रेड फडक्यात गुंडाळून उभा ठेवत, त्यामुळे त्याचा वरचा पापुद्रा मऊ राही.

आपल्याकडे करून पाहायचा असेल तर मैदा आणि थोडी जाडसर कणीक, ताजे आंबट ताक आणि जाड बुडाचे झाकणाचे पातेले एवढ्यावर तो चांगला होतो. दह्यात पाणी घालून केलेल्या पातळ ताकापेक्षा दाटसर ताक घ्यावे.

ताक आणि लोण्याबद्दल काही रीतिभाती होत्या का?

पुष्कळ होत्या, आणि मला स्वतःला हा या विषयातला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग वाटतो, कारण ज्या घरात ताक घुसळले जाते त्या घराची भाषा मराठी माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही. तेथे उभ्या लाकडी पिंपात साय घालून दांड्याने वर-खाली घुसळत. घुसळण चालू असताना कोणी दारात आले, तर त्याने दोन हात मारल्याशिवाय जाता कामा नये, अन्यथा तो घरचे लोणी सोबत घेऊन गेला असे समजत. एक मेच्या पहाटे शेजारीण येऊन तुमच्या विहिरीचे पहिले पाणी भरून नेईल आणि त्याबरोबर वर्षभराचे लोणीही पळवील, ही भीती खरी होती. त्या दिवशी घरातून विस्तव, दूध किंवा मीठ बाहेर द्यायला लोक तयार नसत. घराची वर्षभराची मिळकत ज्या एका पदार्थावर अवलंबून असे, त्याच्याभोवती एवढी काळजी गुंफली जाणे स्वाभाविक होते.

मांस आणि मासे कधी मिळत?

डुक्कर बहुतेक घरांत असे, पण गरिबाच्या घरचे डुक्कर खंड भरण्यासाठी विकले जाई. दुष्काळानंतर परिस्थिती सुधारली तशी घरीच डुक्कर कापण्याची पद्धत वाढली. थंडीच्या महिन्यांत ते कापत, मिठात मुरवत आणि चुलीवरच्या धुरात टांगत. ताजे तुकडे आणि रक्ताचे पुडिंग शेजाऱ्यांकडे पाठवले जाई, पुढे शेजाऱ्यांचे डुक्कर कापले की तितकेच परत येई. त्यामुळे शीतपेटी नसतानाही गावाला हिवाळाभर ताजे मांस मिळत राही. कोबीबरोबर शिजवलेले खारे मांस हे रविवारचे जेवण होते.

किनाऱ्यावर हेरिंग आणि 'लिंग' नावाचा वाळवलेला मासा खाल्ला जाई, शिवाय खडकांवरचे शिंपले आणि डिलिस्क, कॅरागीन यांसारखे समुद्रशेवाळ गोळा करत. कॅरागीन दुधात उकळले की दूध घट्ट होऊन खिरीसारखे बसते. शुक्रवारी मांस वर्ज्य होते. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात जुनी माणसे दूध, लोणी, अंडीसुद्धा सोडत आणि काळा चहा किंवा पाण्यातली लापशी घेत. म्हणूनच उपवास सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी-लोणी संपवायला घावने होत आणि ईस्टरच्या सकाळी अंड्यांवर अक्षरशः ताव मारला जाई.

सणांचे खास पदार्थ कोणते?

31 ऑक्टोबरच्या रात्री कुस्करलेल्या बटाट्यात कोबी किंवा केल ही कोबीच्या जातीची पालेभाजी घालून, मध्ये लोण्याचे तळे करून 'कोलकॅनन' वाढत. मनुका घातलेल्या 'बार्मब्रॅक' या ब्रेडमध्ये अंगठी दडवत, ज्याच्या तुकड्यात ती येईल त्याचे लग्न वर्षाच्या आत ठरणार. त्याच रात्री मुले टांगलेले सफरचंद हात न लावता तोंडाने पकडत आणि तरुण-तरुणींच्या नावाने दोन बिया निखाऱ्याशेजारी ठेवत. दोन्ही शांतपणे जळाल्या तर जोडी जमली, एक उडाली तर फिसकटली. लेट्रिम-कॅव्हनच्या भागात कच्च्या किसलेल्या बटाट्याची 'बॉक्स्टी' करत. ख्रिसमसच्या आदल्या रात्री लिंग मासा, बटाटे आणि पांढरा रस्सा असे, दुसऱ्या दिवशी हंसाचे मांस. 26 डिसेंबरला पेंढ्याचे पोशाख घातलेली मुले 'रेन' पक्ष्याच्या नावाने दारोदार गाऊन पैसे मागत.

दिवसभराच्या कामानंतर लोक काय करत?

शेजारच्या घरी जात. प्रत्येक वस्तीत एखादे घर असे, जेथे आमंत्रणाशिवाय कोणीही यावे आणि विस्तवाभोवती बसावे. हिवाळ्याच्या लांब रात्री तेथे बातम्या, वाद, कोडी, गाणी, पत्ते आणि कथा चालत. बायकांचे हात सूतकताई आणि विणकाम करत राहत. कथाकाराला 'शॅनखी' म्हणत. आयरिश दंतकथांतला नायक फिन मॅककूल आणि त्याच्या वीरांच्या लांबलचक कथा तो रात्र-रात्र सांगे. वीरकथा दिवसा सांगू नये, असा संकेत होता, त्या हिवाळ्यातल्या रात्रीसाठीच राखून ठेवलेल्या होत्या. केरीच्या किनाऱ्यासमोरच्या ब्लास्केट बेटावरच्या पेग सेयर्स (1873–1958) यांच्याकडून लोकसाहित्याच्या संग्राहकांनी शेकडो कथा लिहून घेतल्या. हे बेट 1953 मध्ये पूर्णपणे रिकामे झाले.

पत्त्यांत 'पंचवीस' हा खेळ सर्वांत लोकप्रिय होता. त्यात हुकमाची पंजी सर्वांत वरचढ असते. ख्रिसमसच्या आधी टर्की किंवा हंस पणाला लावून हे डाव रात्री उशिरापर्यंत रंगत. शेवटी घरधनीण निखारे राखेखाली पुरून प्रार्थना म्हणे, आणि सकाळी त्याच निखाऱ्यांवर पुन्हा चूल पेटे.

नाच आणि संगीत यांचे स्थान काय होते?

इंग्रज शेतीतज्ज्ञ आर्थर यंग 1776 ते 1779 या काळात आयर्लंडभर फिरला. झोपडी-झोपडीतून फिरणारे नृत्यशिक्षक आणि त्यांच्याबरोबरचे पाइप किंवा फिडल (व्हायोलिन) वाजवणारे, बहुधा अंध, वादक त्याने पाहिले आणि नाच शिकण्याची आवड गरिबांत सर्वत्र असल्याचे नोंदवले. फिडल, इलन पाइप्स (काखेतल्या भात्याने हवा भरून वाजवायचे पाइप), बासरी, पुढे मेलोडियन आणि कॉन्सर्टिना ही हातात धरायची भात्याची वाद्ये, ही मुख्य वाद्ये होती. वाद्य नसेल तर कोणीतरी तोंडानेच निरर्थक अक्षरांत चाल गुणगुणे आणि त्यावर नाच होई. उन्हाळ्यातल्या रविवारी चव्हाट्यावर, म्हणजे चार रस्ते मिळतात तेथे, तरुण मंडळी जमत, आणि हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या फरशीवर. धर्मगुरूंना हे फारसे रुचत नसे. 1935च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा झाला आणि त्या कायद्याचा धाक दाखवून कित्येक ठिकाणी घरगुती नाचही बंद पाडले गेले. याची खंत जुन्या वादकांच्या आठवणींत वारंवार येते आणि ती मला रास्त वाटते.

मैदानी खेळ आणि मुलांचे खेळ कोणते होते?

हर्लिंग हा सर्वांत जुना आणि मानाचा खेळ. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाच्या, वाकड्या टोकाच्या काठीने लहान, कडक चेंडू टोलवायचा. पूर्वी दोन गावांतले सामने मैल-मैल अंतरावर, शेतांतून आणि ओढ्यांतून चालत. 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स येथे गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना झाल्यावर त्याला नियम आणि परगण्यांच्या स्पर्धा मिळाल्या. कॉर्क आणि आर्मा येथे आडवाटेवरून लोखंडी गोळा कमीत कमी फेकींत ठरलेल्या टोकापर्यंत नेण्याचा खेळ आजही चालतो. मुली पाच गुळगुळीत खडे उडवून हाताच्या पाठीवर झेलत. हा खेळ आपल्या सागरगोट्यांसारखाच आहे. मुले भोवरे, चक्रे आणि नाणी फेकण्याचे खेळ खेळत.

मयताच्या घरी खेळ खेळत असत, हे खरे आहे का?

होय. प्रेत घरात ठेवून रात्रभर जागायची पद्धत होती आणि आलेल्यांना मातीच्या चिलमी, तंबाखू, तपकीर आणि खायला-प्यायला दिले जाई. तरुण मुलगा गेला असेल तर वातावरण दुःखाचेच असे. पण पिकले पान गळाले असेल तर कोडी, थट्टेचे खेळ, शक्तीच्या कसोट्या आणि लुटुपुटूच्या लग्नाची सोंगेही होत. चर्चच्या सभांनी यावर पुन्हा पुन्हा बंदी घातली, तरी ही पद्धत सावकाशच मागे पडली. मृताला अखेरच्या रात्री एकटे सोडायचे नाही, त्याच्या घरी माणसांची वर्दळ ठेवायची, ही यामागची भावना होती, आणि त्यात मृताची अवहेलना पाहणाऱ्यांनी ती नीट समजून घेतलेली नाही असे माझे मत आहे.

हे जीवन कधी बदलले?

नभोवाणी 1926 मध्ये सुरू झाली. बॅटरीवर चालणारा रेडिओ ज्याच्या घरी असे, त्याच्या खिडकीशी रविवारच्या सामन्याला सारे गाव उभे राही, म्हणजे आरंभी तिने माणसे जमवलीच. खेड्यांच्या विद्युतीकरणाचा पहिला खांब 5 नोव्हेंबर 1946 रोजी डब्लिन परगण्यातल्या किल्सॅलहन येथे उभा राहिला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत उघड्या चुलीची जागा विजेच्या शेगडीने घेतली. त्या जोडीला स्थलांतर होतेच. तरुण माणसे गेल्यावर नाचायला आणि कथा ऐकायला कोण उरणार?

या आठवणी मुळातून कोठे वाचता येतील?

1935 मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने 1937 ते 1939 या काळात सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना आपल्या आजी-आजोबांकडून गोष्टी, पाककृती, खेळ आणि रीती लिहून आणायला सांगितले. त्यातून सुमारे 7,40,000 पाने जमली. अन्न, लोणी घुसळणे, घरगुती खेळ असे स्वतंत्र विषय मुलांना दिलेले होते. हा संग्रह 'दूखस' या संकेतस्थळावर मूळ हस्ताक्षरासह विनामूल्य पाहता येतो. काही पाने इंग्रजीत आणि काही आयरिशमध्ये आहेत, आणि परगणा, शाळा किंवा विषय यांनुसार शोध घेता येतो. आरंभ करायचा असेल तर मेयो किंवा केरी परगणा निवडून अन्नाविषयीची पाने आधी उघडावीत.